लाउंजमधल्या बाईचे डोळे

मिस्टर हॅलमनी इंटरव्ह्यूमध्ये कामाचा म्हणावा असा एकच प्रश्न विचारला, आणि उर्मिला दिघेनं त्याचं छातीठोकपणे चुकीचं उत्तर दिलं.

"डू यू नो आर्ट डेको?"

साहेब इंग्रज. इंग्रजांना शब्द अर्ध्यात सोडून द्यायची खोड असते, हे तिला ठाऊक होतं. टेलिव्हिजनला टेली म्हणतात, हिप्पोपोटॅमसला हिप्पो. तेव्हा डेको म्हणजे डेकोरेशन, हे उघडच होतं.

"येस सर," ती म्हणाली. "इलेव्हन इयर्स."

अकरा वर्षं ती शारजातल्या मराठी मंडळींच्या गणपतीचं मखर करत होती. साहेबांच्या भुवया वर गेल्या. कुठल्या कुठल्या शैलीत काम केलंय, असं त्यांनी फार आदरानं विचारलं. "मोस्टली पॅलेस," उर्मिला म्हणाली, "वन इयर सबमरीन." पाणबुडी ऐकून साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथल्या तिथे हात पुढे केला.

दुबईच्या देऱ्यातल्या खाडीकाठच्या त्या पंचतारांकित हॉटेलात उर्मिला अशी 'डेकोर असिस्टंट' झाली. जागा रिकामी असल्याची खबर शेजारच्या बाप्टिस्टनं आणली होती. बाप्टिस्ट वसईचा. बँक्वेटचा मुख्य, काळा कोट घालणारा आणि शारजातल्या अल नहदाच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद पडली की सगळ्यांची पिठाची पोती वर चढवणारा. "उर्मिलाबाय," तो म्हणाला होता, "तू घरात बसून त्या थर्माकोलचं सोनं करतेस, ते जरा बाहेर येऊन कर की."

बाहेर येणं सोपं नव्हतं. तिच्या पासपोर्टात व्हिसाच्या खाली शिक्का होता: हाऊसवाइफ, नॉट अलाउड टु वर्क. चौदा वर्षं तो शिक्का नूतनीकरण होऊन परत परत बसत होता. नवऱ्यानं, म्हणजे अरुणनं, हरकत नसल्याचं पत्र दिलं तेव्हा कुठे तीन महिन्यांची प्रोबेशन मिळाली. तीन महिन्यांनी साहेबांना काम पटलं तर हॉटेल स्वतःचा व्हिसा देणार, आणि त्यावर उर्मिलाच्या हुद्द्याचं नाव असणार. नाही पटलं तर पुन्हा तोच शिक्का. अरुण म्हणाला, "नाही झालं तर नाही झालं, तुला काय कमी आहे?" तिला काय कमी होतं ते तिला सांगता आलं नसतं, पण व्हिसावर आपला हुद्दा छापलेला बघायचाच, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी तिच्यापुढे एक जाडजूड पुस्तक ठेवलं आणि डेको म्हणजे डेकोरेशन नव्हे, दोन महायुद्धांमधल्या काळातली एक शैली, हे तिला चित्रांसकट कळलं. तिनं ते घरी नेऊन कुकरच्या शिट्ट्यांमध्ये वाचून काढलं. शाळेत तिला महायुद्धं दोन होती आणि त्यांची कारणं पाच-पाच होती एवढंच शिकवलं होतं. मधल्या वीस वर्षांत लोक काय करत होते, हे कुणी सांगितलंच नव्हतं. ते नाचत होते! मोठमोठ्या हॉटेलांत, नाहीतर हॉटेलाएवढ्या जहाजांवर, दुपारी चार वाजता, चहा पिता पिता. त्याला टी डान्स म्हणायचे. बायकांनी केस मानेपर्यंत कापले होते, कंबर कुठे आहे ते कळू न देणारे झगे घातले होते, आणि चित्रातली प्रत्येक बाई अशी उभी होती की जणू तिच्या घरी धुणंभांडी नावाची गोष्टच नाही. उर्मिलाला त्या बायका मनापासून आवडल्या.

"मम, शी लुक्स सो रूड," मुलगी केया खांद्यावरून डोकावून म्हणाली.

"असू दे," उर्मिला म्हणाली. "कुणीतरी असावं."

साहेबांना लॉबीशेजारी एक लाउंज करायचं होतं, जुन्या जहाजावरच्यासारखं. नाव 'द लायनर'. समोरच्या भिंतीभर एक चित्र, तेही पुस्तकातल्या एका पोस्टरवरून: चंदेरी झग्यातली उंच बाई. एका हातात उंच धरलेली लांब नळीतली सिगरेट, दुसऱ्या हातात शॅम्पेनचा ग्लास, दोन्ही बाजूंना दोन हडकुळे शिकारी कुत्रे आणि पाठीमागे सोनेरी किरणांचा सूर्य. उद्घाटन तिची प्रोबेशन संपते त्याच आठवड्यात. लंडनचा चित्रकार जून महिन्यातलं इथलं तापमान ऐकून यायचा रद्द झाला. "तुला अकरा वर्षांचा अनुभव आहे," साहेब म्हणाले. "माणूस शोध." आणि ते सुट्टीवर निघून गेले.

उर्मिलानं अल क्वोजच्या कारखान्यांच्या भागातला मुरलीधर शोधला. मुरलीधर कोल्हापूरकडचा. गावी असताना त्यानं वीसेक वर्षं कॅलेंडरांसाठी देव रंगवले होते. इथे एका शेडमध्ये दुकानांच्या पाट्या रंगवत होता. मंडळाच्या नाटकाचा राजवाडाही त्यानंच रंगवला होता. पोस्टर त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं.

"वहिनी, बाई जरा अशक्त वाटती."

"तेव्हा तशीच फॅशन होती."

"बरं बरं. काढतो की."

आणि त्यानं काढली असती. पोस्टरबरहुकूम काढली असती. पण मध्ये मुनीर आला.

मुनीर हैदराबादचा. मालकांच्या ऑफिसातला माणूस. मालकांना काय आवडणार नाही हे मालकांच्या आधी ओळखणं, हे त्याचं काम. तो कच्चं चित्र बघायला शेडमध्ये आला, रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "मॅडम, सिगरेट खलास. लॉबी से दिखता है. फॅमिली लोग आते हैं."

सिगरेट पुसली. उंच उचललेला हात तसाच राहिला, पंजा समोर करून.

"ग्लास भी खलास. शराब दीवार पर नहीं, हबीबी, सिर्फ टेबल पर."

पण त्या हातात काहीतरी हवंच होतं. मुरलीधरनं ग्लासाची दांडी काढून टाकली, पोट थोडं फुगवलं, आणि वर दोन फुलं काढली. छान पितळी भांडं झालं.

पुढच्या खेपेला मुनीरनं झगा पायाच्या बोटांपर्यंत लांब करवला आणि खांद्यावरून एक पदरासारखं काही घ्यायला लावलं. उर्मिलानं पुस्तक उघडून वाद घातला. मुनीर शांतपणे म्हणाला, "मॅडम, किताब में शेखसाहब नहीं आते. यहाँ आते हैं." उर्मिलानं पुस्तक मिटलं.

शेवटी राहिले कुत्रे. कुत्रे भिंतीवर चालणारच नव्हते. उर्मिला हवालदिल झाली, कारण दोन्ही बाजूंना दोन जनावरं नसतील तर चित्राचा तोलच जात होता. हरणं काढून बघितली, ती बकऱ्यांसारखी दिसली. बकऱ्या बघून मुनीरला पुढल्या महिन्यातल्या बकरी ईदची बिर्याणी आठवली. मग मुरलीधर ब्रश कानामागे खोवून म्हणाला, "हत्ती काढू का? हत्ती झकास येत्यात मला. सोंड वर केलेले."

"हाथी बढ़िया," मुनीर म्हणाला. "रॉयल. यल्ला, कर दो."

उर्मिलानं पुस्तक चाळलं. त्या काळातल्या लोकांना हत्तींचं फार कौतुक होतं, दारांच्या मुठींवरसुद्धा हत्ती होते; त्या काळच्या अशा बारीकसारीक खुणांना पुस्तक 'पिरियड डिटेल' म्हणत होतं. ती हो म्हणाली. एकेक बदल तिनं असा एकेकटा, नीट विचार करून मान्य केला होता. सगळे बदल मिळून कुठे निघालेत हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी चित्र तुकड्यातुकड्यांनी लॉरीतून आलं आणि भिंतीवर चढलं. उर्मिला पोचली तेव्हा लाउंजच्या दारात बुटांचे जोड होते. हाऊसकीपिंगचे, किचनचे, एक तर चक्क सिक्युरिटीचा. आत वाकून मंडळी उभी होती. कुणीतरी हात जोडले होते. कुणीतरी लॉबीतल्या फुलदाणीतून एक झेंडूसारखं दिसणारं फूल आणून भिंतीपाशी ठेवलं होतं.

तिनं वर पाहिलं.

सोनेरी सूर्याची प्रभावळ. पायघोळ वस्त्र, खांद्यावर पदर. एक हात आशीर्वादाचा. दुसऱ्या हातात कलश. दोन्ही अंगांना सोंडा उंचावलेले हत्ती. आणि चेहरा? मुरलीधरनं वीस वर्षं काढलेला तोच गोल, शांत, तृप्त चेहरा. केस तेवढे मानेपर्यंत कापलेले होते; पण साक्षात लक्ष्मीनं केस कापले तरी ओळखू थोडीच येणार नाही! फक्त डोळे नव्हते. डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या बदामी जागा.

बाप्टिस्ट ट्रॉली ढकलत आला, चित्राकडे बघून सवयीनं कपाळाला बोट लावून क्रूस काढू लागला, आणि छातीपर्यंत येऊन थबकला.

"उर्मिलाबाय, मला एकदम आमच्या माउलीसारखी वाटली गो."

"बाप्टिस्टभाऊ, तुमच्या माउलीला हत्ती कुठे असतात?"

"म्हणून तर थांबलो ना अर्ध्यात."

तेवढ्यात मुनीर आला. त्यानं बूट बघितले, फूल बघितलं, भिंत बघितली, आणि जवळच्या मखमली खुर्चीत बसला. "मॅडम," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ये आपने क्या बना दिया?"

"मी? मी बनवलं? सिगरेट कुणी पुसायला लावली? कुत्रे कुणी काढून टाकले?"

"मैंने कुत्ते निकाले, मंदिर थोड़ी बनवाया! कल शेखसाहब आएँगे. हॅलमसाब सुबह लँड करेंगे. आपका तो प्रोबेशन है, मेरा तो पूरा खानदान है!"

उर्मिलाच्या डोळ्यांसमोर तो निळसर शिक्का आला. उद्या साहेब विमानतळावरून सरळ इथे येणार, आणि जहाजावरच्या टी डान्सच्या जागी त्यांना दिवाळीचं कॅलेंडर दिसणार. बदलायला आता वेळ नव्हता; हत्ती घासून काढायलाच दोन दिवस लागले असते. तिनं बघ्यांना बाहेर काढलं आणि मुरलीधरला हाक मारली.

मुरलीधर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, अनवाणी आला होता. सकाळपासून पोटात फक्त एक केळं.

"हे काय?" उर्मिलानं विचारलं.

"डोळे काढायचेत न्हवं आज. डोळे शेवटी काढायचे असत्यात, वहिनी. उपाशीपोटी. डोळे आले की ती बघाय लागती."

"मुरलीधर, ही देवी नाहीये! ही हॉटेलातली बाई आहे!"

"ते मला ठाव हाय," तो दुखावून म्हणाला. "पण हात वर, कलश, हत्ती, हे सगळं तुम्हीच सांगितलं. मी कायबी मनानं घातलं न्हाई. चेहरा तेवढा माझा. मला येतो तो एकच येतो."

ते खरं होतं. उर्मिला खुर्चीत बसली आणि पुस्तक उघडून त्या आवडत्या बायकांकडे बघत राहिली. काय होतं त्यांच्यात, जे हिच्यात नव्हतं? कितीतरी वेळानं तिला दिसलं, आणि ती ताडकन उठली.

"मुरलीधर, तुमची देवी कुठे बघते?"

"समोर. भगत जिथं उभा राहील, तिथं. तीच तर खुबी हाय."

"आणि या बायका? बघा. ही बघा. ही बघा. एक तरी आपल्याकडे बघतेय?"

मुरलीधरनं पानं उलटली. "न्हाई की. मग कुठं बघत्यात?"

"कुठंच नाही. त्यांना कंटाळा आलाय."

"कशाचा?"

"सगळ्याचा. नाचाचा, चहाचा, समोरच्या माणसाचा. तुम्ही हिचे डोळे असे काढा, बाजूला वळलेले, पापण्या अर्ध्या. हिच्यापुढे कुणी हात जोडले तरी हिला काही घेणं नाही, असे."

मुरलीधरला धक्काच बसला. वीस वर्षं त्यानं दयाळू डोळे काढले होते. कंटाळलेले डोळे काढणं हे त्याला पाप नसलं तरी अडचणीचं वाटलं. "मला बघून काढावं लागंल," तो अखेर म्हणाला. "चित्रातनं न्हाई जमणार, जितं माणूस पायजे. तुम्हीच बसा तिकडं. करा तसं तोंड."

उर्मिला बारच्या उंच स्टुलावर बसली. मान वळवली, पापण्या खाली घेतल्या.

"वहिनी, तुम्ही पाव्हणं आल्यावानी बघताय."

तिनं ओठ आवळले.

"आता दूध उतू चाललंय असं वाटतंय."

तिनं फार प्रयत्न केला. पण चौदा वर्षं कुणाला काय हवंय, कुणाचं ताट संपलंय, कुणाचं तोंड उतरलंय हे बघण्यात गेलेली. कुणाकडेच न बघण्याची तिला सवयच नव्हती. बाप्टिस्टनं दारातून दोन सूचना केल्या, मुनीरनं कंटाळून दाखवलं, तर तो झोपल्यासारखा दिसला. मुरलीधरच्या ब्रशावरचा रंग सुकत चालला. उर्मिलाला रडू यायला लागलं, आणि रडके डोळे तर अजिबातच चालणार नव्हते.

इतक्यात बारवरचा फोन वाजला. बाप्टिस्टनं उचलला. "उर्मिलाबाय, तुझे मिस्टर."

अरुण एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्सला होता. माणूस अगदी सालस. पण त्याला कुठलीही गोष्ट मुळापासून समजावून सांगायची हौस होती. घरातल्या एसीतून पाणी गळतंय, एवढं सांगायला त्यानं फोन केला होता, आणि ते का गळतं इथून सुरुवात केली.

"हं," उर्मिला म्हणाली. "हं... हं."

हवेतला दमटपणा आला, कॉइल आली, गॅसचं आकुंचन-प्रसरण आलं. उर्मिलाची मान आपोआप किंचित कलली, पापण्या निम्म्यावर आल्या. नजर खिडकीच्या, खाडीच्या, सगळ्या जगाच्या पलीकडे कुठेतरी अलगद जाऊन टेकली.

"हलू नका!" मुरलीधर शिडीवरून ओरडला. "वहिनी, देवाशपथ हलू नका! हेच! हेच पायजे!"

बाप्टिस्टनं पुस्तकातलं चित्र बघितलं, उर्मिलाकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "जिझस."

"...तर असं आहे. ठेवतो मग," अरुण म्हणाला.

मुरलीधरचा एकच डोळा झाला होता. तो शिडीवरून जिवाच्या आकांतानं दुसऱ्या डोळ्याकडे बोट दाखवू लागला. अजून बोलू द्या! लग्न झाल्यापासून जो प्रश्न उर्मिलानं निगुतीनं टाळला होता तो तिनं विचारला.

"अरुण, अहो, दिरहम डॉलरला बांधलेला असतो म्हणजे नेमकं काय हो?"

पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग अरुण म्हणाला, "खरंच सांगू?"

"सांगा ना. अगदी पहिल्यापासून."

तो इतक्या आनंदानं सांगू लागला की तिला आतून थोडी लाजच वाटली. पण डोळ्यांत लाज दिसून चालणार नव्हती. आणि सोन्याच्या साठ्यापर्यंत आल्यावर ती दिसलीही नसती. मुरलीधरनं दुसरा डोळा काढला, मग भुवई थोडी चढवली, मग दयाळू ओठांचा एक कोपरा खाली ओढला. शिडीवरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा बाळंतपण उरकलेल्या सुइणीसारखा झाला होता.

"उर्मिला," फोनवर अरुण म्हणाला, "इतकं मन लावून तू कधी ऐकलं नव्हतंस."

"नाही ना," ती म्हणाली. या वेळी मात्र खरं तेच बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बॅग हातात घेऊनच लाउंजमध्ये आले. भिंतीसमोर उभे राहिले. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. बाई त्यांच्याकडे बघायला तयार नव्हती. आशीर्वादाचा हात आता 'पुरे, नंतर बोला' असा दिसत होता, कलशात बहुतेक बर्फ असावा, आणि हत्तींकडे तर तिचं लक्षसुद्धा नव्हतं. साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. "दॅट," ते म्हणाले, "इज नाइन्टीन थर्टी वन." मग त्यांनी विचारलं की हत्तींची कल्पना कुणाची. मुनीर तत्परतेनं पुढे झाला.

संध्याकाळी शेखसाहेब आले. हत्ती मोजले, दोन भरले, मान डोलावली. मुनीरच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्याचं लांबूनही दिसलं. फिलिपिनो बँडनं जुन्या चालीचं काही मंद वाजवायला घेतलं, आणि चहाच्या कपांमधून चार-सहा गोरी जोडपी फिरू लागली. अरुण लग्नातला सूट घालून आला होता. तो चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला.

"चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो गं."

"कुठे?"

त्यानं विचार केला. "छे. अशी बाई आपल्या ओळखीत कुठे?"

उर्मिलानं त्याच्या कोटावरचा धागा काढला आणि त्याला दुसरा कप चहा आणून दिला.

शनिवारी साहेबांनी तिला लाउंजमध्येच बोलावलं. हातात कागद होते. कन्फर्म्ड, ते म्हणाले. तुझा पासपोर्ट आपल्या ऑफिसात दे, व्हिसावर 'डेकोर सुपरवायझर' असं येईल. उर्मिलानं थँक यू म्हटलं, ते बऱ्यापैकी सरळ आवाजात आलं. मग साहेबांची नजर कोपऱ्याकडे गेली.

कोपऱ्यात किचनकडे जाणारं स्टाफचं दार होतं. त्याच्या उंबऱ्याशी, भिंतीला धरून, मोगऱ्याची फुलं ठेवली होती, आणि एका बशीत साखरेचे चार दाणे. ट्रे घेऊन आत जाणारा एक पोऱ्या तिथे पोचताच क्षणभर थांबला, मान लववली आणि पुढे गेला.

उर्मिलानं त्या उंबऱ्यापासून वर भिंतीकडे पाहिलं. उद्घाटनाच्या गडबडीत तिच्या लक्षात आलं नव्हतं. बाई पाहुण्यांकडे बघत नव्हती, साहेबांकडे नाही, मालकांकडे नाही. सगळ्या लाउंजला कंटाळून तिची नजर जिथे जाऊन टेकली होती, ती जागा बरोबर स्टाफच्या दाराची होती. गिऱ्हाइकांना ती ढुंकून विचारत नाही, फक्त आपल्याकडेच बघते, ही बातमी किचनमध्ये कधीच पोचली होती. दाराआड बाप्टिस्ट नॅपकिनच्या घड्या घालत होता आणि मुद्दाम इकडे बघत नव्हता.

"व्हॉट इज दॅट?" साहेबांनी फुलांकडे बोट दाखवलं.

उर्मिलानं हातातले कागद छातीशी नीट धरले.

"पिरियड डिटेल, सर," ती म्हणाली.